चार बाजू मोजल्या, जमीन किती?

भाईंदर स्टेशनातून पश्चिमेला खाडीच्या आणि समुद्राच्या कडेने निघाले की राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, चौक ही गावे लागतात. मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, मीरा रोडला इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. पण या गावठाणांतल्या आणि जुन्या भातखाचरांतल्या जागांचे आकार कुणी पट्टी लावून आखलेले नाहीत. बांध जिथे वळला तिथे हद्द वळली. लोकलमधून दिसणारी मिठागरे सरळ रेषांत बांधून काढलेली असतात. भातशेताचा बांध मात्र पाण्याच्या ओढीने आणि भावाभावांच्या वाटणीने पडलेला असतो. त्यामुळे इथली जागा बहुतेक वेळा चार बाजूंची खरी, पण आयताकृती नव्हे.

अशा जागेचा व्यवहार ठरू लागला की टेप निघते. दोघे जण चारी बाजू मोजतात आणि कागदावर चार आकडे येतात. मग कुणीतरी मोबाइलवर हिशेब करतो. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी, उरलेल्या दोन बाजूंची सरासरी, दोन्हींचा गुणाकार, भागिले १०८९, म्हणजे इतके गुंठे. इसाराची रक्कम त्यावर ठरते. ही रीत इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही चुकत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. चार बाजू मोजल्यावर जागा किती ते ठरणारच, असे आपण धरून चालतो.

ते ठरत नाही. तीन बाजूंच्या जागेचे ठरते, चार बाजूंच्या जागेचे ठरत नाही. हा फरक आठ-नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखाशी जोडलेल्या एका गणितज्ञाने स्वच्छ शब्दांत, आणि बराच चिडून, सांगून ठेवला आहे. त्याच्याकडे जाण्याआधी त्रिकोण नीट पाहू.

शाळेत ‘बाबाबा कसोटी’ शिकवतात. एका त्रिकोणाच्या तीन बाजू दुसऱ्या त्रिकोणाच्या तीन बाजूंएवढ्या असतील, तर ते दोन त्रिकोण एकरूप असतात. कंपास हातात घेतला की कारण लगेच कळते. १४ सेंटिमीटरची रेघ ओढा. तिच्या डाव्या टोकावर कंपासचे टोक ठेवून १३ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा, उजव्या टोकावरून १५ सेंटिमीटरचा. दोन्ही कंस रेघेच्या वर एकाच ठिकाणी छेदतात, खाली एकाच ठिकाणी. वरचा त्रिकोण आणि खालचा त्रिकोण आरशातल्या प्रतिमेसारखे. एक उचलून उलटा केला की दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. तिसरा पर्याय नाही. आकार एकच, तर क्षेत्रफळही एकच.

म्हणजे क्षेत्रफळ ठरलेले आहे, हे कळले. ते किती, हे मात्र अजून कळलेले नाही. शाळेतले पहिले सूत्र पाया गुणिले उंची भागिले दोन असे आहे, आणि उंची आपण मोजलेलीच नाही. शेतात उंची मोजायची तर समोरच्या कोपऱ्यातून पायाच्या बाजूवर बरोबर काटकोनात दोरी ताणावी लागते. मधे विहीर, माड किंवा कुणाचे घर असेल तर तेही जमत नाही. तेव्हा प्रश्न असा उरतो की मोजलेल्या तीन बाजूंतूनच उंची बाहेर काढता येईल का?

याचे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणित-भूमितीचा भाग. चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांनी तिथे मठ काढला आणि त्याला १२०७ साली दान मिळाले, याची ती नोंद आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. ग्रंथ शिकवण्यासाठी मठ, मठासाठी दान आणि दानाची दगडावर नोंद, अशी व्यवस्था ज्या पुस्तकासाठी झाली ते पुस्तक जमिनीच्या मोजणीबद्दल काय म्हणते, हे महाराष्ट्रातल्या माणसाने एकदा तरी वाचायला हवे.

भास्कराचार्यांचे उदाहरण असे: त्रिकोणाचा पाया १४, बाजू १३ आणि १५. वरच्या कोपऱ्यातून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना ते ‘आबाधा’ म्हणतात. लंबाच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकोन त्रिकोण आहे आणि लंब दोघांना सामाईक आहे. म्हणून १५ च्या वर्गातून मोठ्या आबाधेचा वर्ग वजा केला काय आणि १३ च्या वर्गातून लहान आबाधेचा वर्ग वजा केला काय, उत्तर एकच येणार, ते म्हणजे लंबाचा वर्ग. याचाच अर्थ, आबाधांच्या वर्गांतला फरक बाजूंच्या वर्गांतल्या फरकाएवढा: २२५ वजा १६९, म्हणजे ५६. दोन आबाधांची बेरीज तर १४ आहेच. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी; तेव्हा वजाबाकी ५६ भागिले १४, म्हणजे ४. बेरीज १४ आणि वजाबाकी ४ असलेल्या संख्या ९ आणि ५. आता लंब काढणे सोपे: १३ चा वर्ग १६९, त्यातून ५ चा वर्ग २५ गेला, उरले १४४, लंब १२. क्षेत्रफळ १४ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ८४.

या हिशेबात कुठेही आपल्या मर्जीला वाव नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येक पायरीवर एकच उत्तर आहे. तीन बाजूंतून आबाधा ठरतात, आबाधांतून लंब आणि लंबातून क्षेत्रफळ. कंपासने जे डोळ्यांना दिसले तेच आता आकड्यांनी सिद्ध झाले.

भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. पुढचे उदाहरण ते मुद्दाम अवघड घेतात: बाजू १० आणि १७, पाया ९. वर्गांतला फरक १८९, भागिले ९, म्हणजे २१. आबाधांची बेरीज ९ आणि वजाबाकी मात्र २१! तेव्हा एक आबाधा १५ आणि दुसरी उणे ६. बाराव्या शतकातला हा गणिती उणे उत्तर पाहून गांगरत नाही. आबाधा ऋण आली म्हणजे ती उलट दिशेला आहे, असे तो सांगतो. त्रिकोण इतका कललेला आहे की लंब पायाच्या बाहेर, वाढवलेल्या रेघेवर पडतो. लंब ८, क्षेत्रफळ ३६. कललेल्या जागेची ‘उंची’ जागेच्या हद्दीबाहेर, शेजाऱ्याच्या अंगणात मोजावी लागते तो प्रसंग हाच.

आणि तीन आकडे दिले म्हणून त्रिकोण होतोच असेही नाही. ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण कुणी विचारला, तर ते क्षेत्रच नव्हे, असे भास्कराचार्य बजावतात. एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेएवढी किंवा त्याहून मोठी असेल तर आकृती मिटतच नाही. शंका असेल तर त्या लांबीच्या सरळ काड्या जमिनीवर मांडून दाखवा, हा त्यांचा सल्ला. गणिताच्या शिक्षकाला आजही याहून चांगला उपाय सुचवता येणार नाही.

आबाधांचा सगळा खटाटोप एका सूत्रात बसवता येतो. तिन्ही बाजूंच्या बेरजेचे अर्धे करा. त्याला अर्धपरिमिती म्हणू. तिच्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. अर्धपरिमिती आणि या तीन वजाबाक्या अशा चार संख्यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा. १३, १४, १५ साठी अर्धपरिमिती २१, वजाबाक्या ८, ७, ६. गुणाकार ७०५६, वर्गमूळ ८४. याला आपल्याकडे हिरोचे सूत्र म्हणतात. हिरो हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, साधारण पहिल्या शतकातला. हे सूत्र ज्यात आहे तो त्याचा ‘मेट्रिका’ हा ग्रंथ हरवला असेच समजले जात होते, आणि त्याचे हस्तलिखित १८९६ साली इस्तंबूलमध्ये सापडले. अल-बिरूनी या सूत्राचे श्रेय आर्किमिडीजला देतो. भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला, त्यात हे सूत्र चार बाजूंसाठी म्हणून आले आहे: अर्धपरिमितीतून चारही बाजू वेगवेगळ्या वजा करायच्या आणि त्या चार वजाबाक्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे. एक बाजू शून्य धरली की ते त्रिकोणाचे सूत्र होते.

त्याच ठिकाणी ब्रह्मगुप्त आणखी एक रीत देतो: समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजेची अर्धी आणि दुसऱ्या दोन बाजूंच्या बेरजेची अर्धी, यांचा गुणाकार. म्हणजे आज भाईंदरला मोबाइलवर होणारा हिशेब, अक्षरशः तोच. फक्त ब्रह्मगुप्त त्याला ‘स्थूल’ म्हणतो आणि वर्गमुळाच्या रीतीला ‘सूक्ष्म’. ही स्थूल रीत त्याच्याही कितीतरी आधीची आहे. इजिप्तमध्ये एडफू इथल्या होरसच्या मंदिरावर देवाला दिलेल्या जमिनींची यादी कोरलेली आहे, तिथेही क्षेत्रफळे याच पद्धतीने काढली आहेत. व्यवहाराला सोपी म्हणून ही रीत टिकली. बरोबर म्हणून नव्हे.

आता चौकोनाकडे वळू. मीरा रोडला बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही इमारतीची बांबूंची परांची पाहा. दोन उभे बांबू आणि दोन आडवे, चारही सांधे दोरीने घट्ट बांधलेले. एवढ्यावर कामगार वर चढत नाही. चौकट बाजूला कलू शकते, कितीही घट्ट बांधली तरी. म्हणून तो एक तिरका बांबू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधतो. चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि ती हलायची थांबते. चौकट कलते तेव्हा तिच्या चारही बाजू तेवढ्याच लांबीच्या राहतात, आतली जागा मात्र कमी होत जाते. चार बाजू सारख्या राहूनही क्षेत्रफळ बदलू शकते, याचा पुरावा रोज आपल्या डोळ्यांपुढे उभा असतो.

‘लीलावती’त हेच आकड्यांनी मांडले आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५. थोडा कलवून त्याचे कर्ण ३० आणि ४० केले तर क्षेत्रफळ ६००. आणखी कलवून कर्ण १४ आणि ४८ केले तर ३३६. बाजू तिन्ही वेळा २५, २५, २५, २५. कर्णांचा गुणाकार करून अर्धा करा, हिशेब पटेल. अगदी दाबत नेला तर ती आकृती काडीसारखी सपाट होईल आणि क्षेत्रफळ शून्यावर येईल.

म्हणूनच भास्कराचार्य चिडले. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीच न सांगता, नुसत्या चार बाजू सांगून, चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच आहे, आणि त्याला उत्तर देणारा तर त्याहून मोठा पिशाच, असे ते लिहितात. गणिताच्या ग्रंथात अशी भाषा क्वचित येते. ब्रह्मगुप्ताची ‘सूक्ष्म’ रीतसुद्धा चौकोनासाठी अस्फुट आहे, त्रिकोणासाठी मात्र स्फुट, असा त्यांचा निर्वाळा आहे. पुरावा म्हणून त्यांनी एक चौकोन दिला: पाया १४, वरची बाजू ९, कडेच्या बाजू १३ आणि १२, लंब १२. खरे क्षेत्रफळ १३८. सूत्राने येते १९८०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १४०.७. ब्रह्मगुप्ताचे सूत्र तंतोतंत लागू पडते ते चारही कोपरे एकाच वर्तुळावर येणाऱ्या चौकोनाला. चार बाजू तेवढ्याच ठेवून जितके चौकोन होतील त्यांत सगळ्यांत जास्त क्षेत्रफळ याच चौकोनाचे असते. बाकी सगळे त्याच्या खाली.

‘लीलावती’वरची गाजलेली टीका कोकणातली आहे, हे इथे सांगायलाच हवे. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. भास्कराचार्यांनी नियम दिला तिथे गणेश दैवज्ञांनी उपपत्ती दिली, म्हणजे असे का होते ते दाखवले. नियम पाठ असला तरी त्याचे कारण माहीत हवे, हा आग्रह त्यांनी धरला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कारण माहीत असते तेव्हाच नियम कुठे लागू नाही तेही कळते.

आता आपल्या जागेकडे येऊ. समजा, डोंगरीच्या बाजूला एक चौकोनी जागा आहे. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणू. अ ते ब ५२ फूट, ब ते क ५६ फूट, क ते ड ४५ फूट, ड ते अ ७५ फूट. रुळलेल्या रीतीने ५२ आणि ४५ ची सरासरी साडेअठ्ठेचाळीस, ५६ आणि ७५ ची साडेपासष्ट. गुणाकार ३१७६ चौरस फूट आणि वर पाऊण. म्हणजे जवळजवळ तीन गुंठे.

आता टेपचे एक टोक अ वर धरून दुसरे टोक क पर्यंत न्या. समजा, ६० फूट भरले. जागेचे दोन त्रिकोण झाले. पहिला ५२, ५६ आणि ६० चा: अर्धपरिमिती ८४, वजाबाक्या ३२, २८ आणि २४, वर्गमूळ काढले की १३४४. दुसरा ६०, ४५ आणि ७५ चा: अर्धपरिमिती ९०, वजाबाक्या ३०, ४५ आणि १५, वर्गमूळ १३५०. बेरीज २६९४ चौरस फूट, म्हणजे अडीच गुंठ्यांनाही थोडी कमीच.

फरक ४८२ चौरस फुटांचा. मीरा-भाईंदरच्या भावात ४८२ चौरस फूट म्हणजे किती पैसे, ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. आणि पाहा, ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने या चार बाजूंचे क्षेत्रफळ येते सुमारे ३१११. या चार बाजूंत जास्तीत जास्त जागा मावेल ती एवढीच. सरासरीचा हिशेब तर याही पुढे, ३१७६ वर गेला. म्हणजे त्या चार बाजूंची एवढी जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असू शकत नाही.

सरासरीची रीत कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी, असे दोन्ही बाजूंना चुकत असती तर फारशी तक्रार नव्हती. पण ती चुकते तेव्हा जास्तच दाखवते. कारण समजायला अवघड नाही. शेजारच्या दोन बाजू ठरलेल्या असताना त्यांच्यामधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? कोन काटकोन असेल तेव्हा, दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मे. कोन त्याहून लहान किंवा मोठा झाला की क्षेत्रफळ कमीच होते. आपला चौकोन अ-क कर्णावर कापला तर दोन त्रिकोण मिळतात आणि ब-ड कर्णावर कापला तर दुसरे दोन. चारही त्रिकोणांना हा नियम लावा आणि बेरीज करा. चौकोनाच्या क्षेत्रफळाची दुप्पट ही त्या चार निम्म्या गुणाकारांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. ती बेरीज मांडून पाहिली की ती समोरासमोरच्या बाजूंच्या दोन बेरजांच्या गुणाकाराची निम्मी भरते. म्हणजे चौकोनाचे क्षेत्रफळ सरासऱ्यांच्या गुणाकाराहून मोठे कधीच नसते. बरोबर तेवढे असते ते चारही कोन काटकोन असतील तेव्हाच. थोडक्यात, आयत सोडून कुठलीही जागा असली तरी या हिशेबात नुकसान घेणाऱ्याचे. ही कुणाची लबाडी नसते, बहुतेकांना ती रीत खरी वाटते. पण रीत एकाच बाजूला झुकलेली आहे आणि ती बाजू विकणाऱ्याची आहे.

सरकारी मोजणीत हा घोटाळा होत नाही, कारण तिथे जागा त्रिकोणांत मोडण्याची पद्धत पहिल्यापासून आहे. मुंबई इलाख्यातली महसुली मोजणी १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात बसवली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या मधून साखळीने एक मुख्य रेषा घालायची, शंकूने तिच्यावर काटकोन साधून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत अंतर घ्यायचे. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. मापे आणि आकृती टिपणात जातात, क्षेत्रफळाचा हिशेब गुणाकार बुकात. इथे चारी कडा मोजण्यापेक्षा आतली मापे महत्त्वाची. शंकू-साखळीवाल्या भूकरमापकाने ‘लीलावती’ वाचली असो वा नसो, लंब घेतल्याशिवाय क्षेत्र सांगायचे नाही हा तिचा नियम तो पाळत होता.

मोठ्या अंतरांवर अडचण उलटी होती. देशभर साखळी ओढत फिरणे शक्य नव्हते. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा अतिशय काळजीने मोजली आणि त्यानंतर टेकडीवरून टेकडीकडे पाहत फक्त कोन मोजले. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण ठरतो. त्याची नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. त्रिकोणांच्या या माळेचे काम करत असतानाच १८२३ साली वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या काळी कोन मोजणे सोपे आणि अंतर मोजणे कठीण होते. आता प्रकाशाच्या किरणाने अंतर क्षणात कळते. मोजणीला येणारे ईटीएस यंत्र तेच करते. जीपीएस तर निव्वळ अंतरांवरच चालते: उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपण कुठे आहोत ते ठरते. कंपासचे दोन कंस जिथे छेदतात तो बिंदू शोधण्याचीच ही आकाशातली पद्धत.

तीन बाजू पुरतात खऱ्या, पण मापे नीट घेतली तर. ५०, ५० आणि ९९ फूट बाजूंचा लांबट त्रिकोण घ्या. क्षेत्रफळ सुमारे ३४९ चौरस फूट. टेपला झोळ पडला आणि ९९ च्या जागी साडेनव्व्याण्णव वाचले, तर उत्तर येते सुमारे २४८. अर्ध्या फुटाच्या चुकीने शंभर चौरस फूट गेले. जितका त्रिकोण चपटा तितकी ही पंचाईत मोठी. म्हणून मोजणीवाले शक्यतो तीस अंशांहून लहान कोन येऊ देत नाहीत. चौकोनाला दोन कर्ण असतात. ज्याने पडणारे त्रिकोण भरदार दिसतात तो निवडावा. उत्तन-डोंगरीकडे उतारावरच्या जागा असतात, तिथे टेप जमिनीला टेकवून धरली तर बाजू लांब भरते. नकाशातले क्षेत्रफळ सपाटीवरचे असते, तेव्हा टेप आडवी धरायला हवी. आणि एखादा कोपरा आत गेलेला असेल तर आकृती काढून ठेवणे भागच आहे, कारण त्याच मापांत दोन त्रिकोण कर्णाच्या एकाच बाजूलाही पडू शकतात आणि मग बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते.

बाजू पाच असतील तर दोन कर्ण लागतात, सहा असतील तर तीन. जितक्या बाजू त्याहून तीन कमी. एखादा कर्ण जास्तीचा मोजून ठेवला तर पडताळा मिळतो. आपल्या उदाहरणात ब ते ड हा दुसरा कर्ण ९५ फूट साडेदहा इंच भरायला हवा. तो तेवढा भरला नाही, तर आधीच्या पाच मापांपैकी एखादे चुकले आहे. हिशेबासाठी कागद-पेन्सिल नको असेल तर मोबाइलवरच्या गणकयंत्रात वर्गमुळाची खूण असतेच.

खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. त्यांच्याखाली क्षेत्राचा आकडा असतो. तो आकडा कुठून आला, हे विचारा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झालेली असेल तर ‘क’ प्रत मागा आणि तिच्यावरच्या क्षेत्राशी तो पडताळून पाहा. मोजणी झालेली नसेल तर इसार देण्याआधी मोजणीचा अर्ज करा. आणि तोवर जागेवर उभे राहून टेप धरण्याची वेळ आली, तर चारी बाजू मोजून झाल्यावर टेप गुंडाळू देऊ नका. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधले अंतर घ्या आणि ते पाचवे माप कागदावर लिहून त्याखाली दोघांच्या सह्या करून घ्या.